ग्लायडरची हवेतली टक्कर टाळणे

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दोन ग्लायडर हवेत एकमेकांवर आदळू नयेत म्हणून पायलट जे नियम पाळतात, नजरेला ज्या सवयी लावतात आणि हल्ली जी यंत्रं बसवतात, त्या सगळ्याचा हा विषय. एवढ्या मोठ्या आभाळात दोघं नेमके आपटतील कसे असं वाटतं, पण ग्लायडरवाले आभाळभर पसरलेले नसतात, हवा जिथं वर चढतेय तिथंच सगळे गोळा होतात.

हे बघायला बेळगावकरांना विमानतळावर जायला नको. भात काढून मोकळं पडलेलं येळ्ळूरचं शिवार मार्च-एप्रिलच्या दुपारी तापलं की एक घार पंख न हलवता गोल फिरत वर जायला लागते आणि थोड्या वेळात आणखी चार-पाच तिथंच येतात. तापलेल्या हवेच्या या वर चढणाऱ्या खांबाला थर्मल म्हणतात. ग्लायडर पण तसाच चढतो, ताशी 90 किलोमीटर वेगानं आणि 40 अंश कलून फिरला तर साधारण 150 मीटर रुंदीचं वर्तुळ होतं आणि एक फेरी वीसेक सेकंदांत संपते. तेवढ्या जागेत चार-पाच ग्लायडर म्हणजे गणपतीतला मारुती गल्लीचा कोपराच की.

म्हणून थर्मलचा पहिला नियम असा, की आधी आलेला ज्या दिशेनं फिरतोय त्याच दिशेनं मागून येणाऱ्यानं फिरायचं. बाहेरच्या कडेनं हळूच आत शिरायचं, मधूनच घुसायचं नाही. दोघं एकाच उंचीवर असतील तर वर्तुळाच्या समोरासमोरच्या बाजूंना राहायचं, म्हणजे दोघं एकमेकांना दिसतात. कुणाच्या बरोबर खाली-मागं चिकटून राहणं सगळ्यात वाईट, कारण त्याला तुम्ही दिसतच नाही आणि त्यानं चढायला वेग कमी केला की तो तुमच्या डोक्यावर. दुसरा दिसेनासा झाला तर तो कुठं असेल याचा अंदाज करत बसायचं नाही, सरळ थर्मल सोडून बाहेर पडायचं.

सरळ उडताना समोरासमोर आले तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, हा जगभरचा नियम. आपल्याकडच्या माणसाला इथं जरा घोळ होऊ शकतो असं मला वाटतं, कारण रस्त्यावर समोरून गाडी आली की आपला हात डावीकडे जातो, जन्मभराची सवय ती. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे त्यानं वाट सोडायची. उतरताना खालच्याला मान, पण म्हणून मुद्दाम खाली जाऊन पुढं घुसायचं नाही. इंजिनाचं विमान ग्लायडरला वाट देतं आणि ग्लायडर फुग्याला.

डोंगरकड्याचा नियम थोडा वेगळा. पश्चिमेचा वारा सह्याद्रीवर आपटून वर चढतो, त्या पट्ट्यातून समजा एक ग्लायडर चोर्ल्याकडून आंबोलीकडे चाललाय आणि दुसरा समोरून येतोय. उत्तरेला चाललेल्याच्या उजवीकडे कडा, त्यामुळं त्याला वळायला जागाच नाही. दक्षिणेला येणाऱ्याच्या उजवीकडे कोकणाची मोकळी हवा, म्हणून यानं बाजूला व्हायचं. कड्यावर मागं फिरायचं झालं तरी वळण नेहमी डोंगरापासून लांब, डोंगराकडे कधीच नाही.

नियम माहीत असून टकरा होतात त्या दुसरा दिसलाच नाही म्हणून. 15 मीटर पंखांचा ग्लायडर समोरून बघितला तर बारीक रेघ, मधलं धड मीटरभर सुद्धा रुंद नसतं आणि रंग बहुतेक वेळा पांढरा, मागं ढग असला की संपलं. त्यातून जो धडकणार आहे तो जागचा हलतच नाही. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या सीझनला कार चालवणाऱ्यांना हे लगेच कळेल: आडव्या रस्त्यानं येणारा ट्रॅक्टर काचेत मागं सरकत गेला तर आपण आधी निघून जातो, पुढं सरकला तर तो आधी जातो, पण एकाच जागी चिकटून नुसता मोठा होत गेला तर दोघं एकदम चौकात. हवेतही तेच, आणि डोळा तर हलणारी वस्तू आधी टिपतो. प्रत्येकी 100 च्या वेगानं समोरासमोर आले तर एक किलोमीटर अंतर 18 सेकंदांत संपतं. म्हणून नजर सरसर फिरवायची नाही, आभाळाचा एकेक तुकडा सेकंदभर थांबून बघायचा, आणि वळायच्या आधी त्या बाजूला मान वळवून बघायचंच.

2004 पासून स्वित्झर्लंडचं फ्लार्म नावाचं यंत्र आलंय. ते जीपीएसवरून स्वतःची जागा आणि पुढची वाट काढून रेडिओवर पाठवतं, दुसऱ्याची ऐकतं आणि टक्कर होईलसं वाटलं तरच ओरडतं. मोठ्या विमानांची टक्कर टाळायची यंत्रणा इथं चालत नाही, थर्मलमध्ये सगळे जवळच फिरत असल्यामुळं ती सारखी खोटीच बोंबलत राहील. पण ज्याच्याकडे फ्लार्म किंवा तसा सिग्नल देणारं काही नाही तो फ्लार्मला दिसत नाही, त्यामुळं स्क्रीनवर कुणी नाही म्हणजे आभाळात कुणी नाही असं नाही.

एवढं करूनही धडक झालीच तर पाठीला पॅराशूट असतं. डोक्यावरचं पारदर्शक झाकण उडवायचं, पट्टे सोडायचे, बाहेर पडायचं आणि मग दोरी ओढायची, आणि या सगळ्याला उंची लागते. वर थर्मलमध्ये ती बहुतेक वेळा मिळते. उतरायच्या फेरीत, जिथं मैदानाजवळ परत सगळे गोळा होतात, तिथं ती नसते.