काळी माती, विदर्भातील : थर आणि वर्गीकरण

वऱ्हाड आणि वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात बेसॉल्ट खडकावर तयार झालेली गडद, चिकण आणि उन्हाळ्यात भेगाळणारी माती. रेगड, रेगूर, कापसाची काळी माती ही तिची इतर नावे. शेतकरी नुसते ‘काळी’ किंवा ‘भारी’ म्हणतो. ‘काळी’ म्हणजे वाहितीची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण, असाही जुना भेद भाषेत आहे. शास्त्रीय वर्गीकरणात या मातीचे खोल प्रकार व्हर्टिसॉल या गणात मोडतात.

या मातीचे थर ओळखताना रंग फारसा उपयोगी पडत नाही. तांबड्या मातीत वरून खाली रंग बदलत जातो. इथे नव्याने खोदलेल्या विहिरीत डोकावले, तर मीटर-दीड मीटरपर्यंत सगळे सारखेच काळे दिसते. थर आहेत, पण ते ढेकळाच्या आकारात, हाताला लागणाऱ्या चकाकीत आणि चुनखडीच्या खड्यांत आहेत.

काळेपणाबद्दलही एक गैरसमज आहे. काळी म्हणजे सेंद्रिय द्रव्याने भरलेली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याच्या आतच असतो. तेवढेच द्रव्य चिकणकणांना घट्ट धरून राहते आणि गडद रंग देते. खरा गुण आहे तो स्मेक्टाइट या चिकणखनिजाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होऊन जो बेसॉल्ट झाला, त्याच्या झिजेतून हे खनिज आले. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की ते फुगते, निघून गेले की आकसते. खोल काळ्या मातीत चिकणकणांचे प्रमाण ५० ते ६५ टक्के असते. ओली असताना ती चपलेला कशी चिकटते आणि वाळल्यावर कुदळीला कशी दाद देत नाही, हे मृग बरसल्यावर शेतात गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. या दोन टोकांच्या मध्ये जो थोडा काळ मिळतो, तो वाफसा.

मृदाछेद

सर्वांत वर नांगरट थर. जाडी साधारण १५ ते २० सेंमी. वखराची पास जिथवर फिरते तिथवर तो भुसभुशीत असतो. उन्हाळ्यात त्याचे बारीक रवाळ दाणे होतात आणि वाऱ्याने, गुरांच्या पायाने ते भेगांत पडत राहतात. सर्वेक्षणाच्या नोंदीत या थराला ‘एपी’ लिहितात.

त्याखाली अर्ध्या मीटरपर्यंत कोनदार, टणक ढेकळांचा थर (‘बीडब्ल्यू’). ढेकूळ फोडले की त्याचे पृष्ठभाग दाबून गुळगुळीत केल्यासारखे दिसतात. भेगा इथे सर्वांत ठळक. एप्रिल-मे महिन्यांत त्या चार-पाच सेंमी रुंद आणि मीटरभर खोल जातात.

खरी ओळख त्याच्याही खाली, साधारण अर्ध्या मीटरपासून सव्वा मीटरपर्यंत. पावसाळ्यात इथली माती फुगते, पण वरच्या ओझ्यामुळे तिला वर यायला वाव नसतो. मग मातीचे गठ्ठे एकमेकांवरून तिरके घसरतात आणि त्या घर्षणाने पृष्ठभाग घोटल्यासारखा चकाकतो, त्यावर बारीक रेघाही उमटतात. याला घसरणपृष्ठ म्हणता येईल. ढेकळे पाचरीच्या आकाराची होतात आणि त्यांचा लांब अक्ष क्षितिजाशी १० ते ६० अंशांचा कोन करतो. सर्वेक्षक या थराला ‘बीएसएस’ म्हणतात. काळी माती खरी व्हर्टिसॉल आहे की नाही, हे याच थरावरून ठरते. कुंपणाचे खांब कलतात, घराच्या भिंतीला तिरपी चीर जाते, ती याच हालचालीमुळे. म्हणून जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खाली नेतो.

पुढे रंग तपकिरी-पिवळसर होऊ लागतो आणि चुनखडीचे खडे वाढतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की माती फसफसते. पांढरट, कडा विरघळल्यासारखे खडे बहुधा जागीच तयार झालेले. काळपट, कठीण आणि ठळक कडांचे खडे पाण्याबरोबर वाहून आलेले असू शकतात. त्याखाली मुरूम, म्हणजे हाताने फुटणारा कुजका बेसॉल्ट, आणि शेवटी पाषाण. विहीर खोदणारे यांच्या मध्ये ‘मांजऱ्या’ नावाचा थर लागला असेही सांगतात. पण मातीचा अभ्यासक तिथे पोचेपर्यंत वही मिटवून बसलेला असतो.

ही माती स्वतःलाच नांगरते, भेगांतून वरची माती खाली आणि खालची वर येते, असे पूर्वी ठासून सांगत. व्हर्टिसॉल हे नावही ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आले. ते अर्धेच खरे मानावे. उलटापालट पूर्ण होत असती तर सेंद्रिय कर्ब खोलीबरोबर घटला नसता आणि चुनखडी वाढत गेली नसती. प्रत्यक्षात दोन्ही होते. भेगेत पडलेल्या रवाळ मातीची उभी पट्टी मात्र खड्ड्याच्या भिंतीवर हमखास दिसते. नवखा माणूस तिला वेगळा थर समजतो.

वर्गीकरण

शेतकऱ्याचे वर्गीकरण मुख्यतः खोलीचे आहे: भारी, मध्यम, हलकी आणि शेवटी बरड. टेकडीकडून नाल्याकडे चालत गेले की हाच क्रम उलटा भेटतो. माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम, उतारावर मध्यम, सखल भागात पुरुषभर काळी.

ब्रिटिश काळातील जमाबंदीनेही हाच धागा पकडला, पण दोन रीतींनी. वऱ्हाडात १८६०च्या दशकात मुंबई पद्धतीची मोजणी झाली. तिच्यात पावणेदोन हात खोलीची उत्तम माती सोळा आणे धरून खालचे वर्ग उतरत्या आण्यांनी ठरत. चुनखड, वाळू, उतार असे दोष आढळले की वर्ग घसरे. नागपूर-वर्ध्याकडे मात्र काळी, मोरांड, खरडी, बरडी, रेताडी ही लोकांचीच नावे सरकारी दप्तरात गेली. मोरांड म्हणजे काळीत चुनखडीचे खडे मिसळलेली जमीन. भंडारा-चंद्रपूरकडे भारी काळीला कन्हार म्हणतात आणि तिथे ती धानाच्या बांधीत भेटते. तिथला पायाभूत खडक बहुतांशी बेसॉल्ट नाही, त्यामुळे तो विषय वेगळा.

आजचे सर्वेक्षण अमेरिकन मृदावर्गीकरणानुसार होते. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो हे त्याचे केंद्र. ते १९७६ पासून काम करते आणि त्याचे मुख्यालय नागपुरातच आहे. व्हर्टिसॉल ठरायला तीन अटी लागतात: पृष्ठापासून ५० सेंमीपर्यंत किमान ३० टक्के चिकणमाती, ठरावीक काळी उघडणाऱ्या व मिटणाऱ्या भेगा आणि मीटरभर खोलीच्या आत घसरणपृष्ठांचा किंवा पाचरी ढेकळांचा किमान २५ सेंमी जाड थर. रंगाची अट नाही. विदर्भातील खोल काळी बहुधा ‘टिपिक हॅप्लुस्टर्ट’ निघते. यातील ‘उस्टर्ट’ हा भाग वर्षात एकूण ९० दिवस किंवा अधिक भेगा उघड्या राहतात असे सांगतो. मध्यम जमीन, जिच्यात घसरणीच्या खुणा अर्धवट असतात, ती ‘व्हर्टिक हॅप्लुस्टेप्ट’; बरड ती ‘लिथिक उस्टॉर्थेंट’. नावे जिभेला जड, पण भारी-मध्यम-बरड यांचीच ही लांबलेली रूपे आहेत.

एका ठिकाणी मात्र शेतकऱ्याची खोलीची मोजपट्टी चुकवते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे. इथली काळी खोल आहे, वरून नागपूरच्या काळीसारखीच दिसते. पण कोरड्या हवामानात कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली साचत गेला आणि चिकणकणांवर सोडियमचा वाटा वाढला. खालचे थर त्यामुळे विस्कटून घट्ट बसतात आणि पाणी आत उतरत नाही. मीठ फुटून वर पांढरे दिसेलच असे नाही, म्हणून हा दोष डोळ्यांना सुटतो. विहिरीचे पाणी खारे, ओलित करावे तर जमीन आणखी बिघडते. कपाशी आणि हरभरा पावसाच्या ओलीवरच काढावे लागतात. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याला याउलट खोल काळीच नको असते. निचरा होणारी, खाली मुरूम असलेली मध्यम जमीन त्याला मानवते आणि भारीत पाणी थांबले की मुळे कुजतात.

मृदाछेद पाहायला दिवाळीनंतरचा काळ बरा. ओल असते, ढेकूळ हाताने फुटते आणि चकाकी स्पष्ट दिसते. मे महिन्यात भेगा पाहायला मिळतात, पण दीड मीटरचा खड्डा खणायला पहार घेऊन दोन गडी लागतात. जुन्या विहिरीची भिंत पाहायची असेल तर आधी सुरीने वीतभर माती खरवडून काढावी; पाण्याने सारवल्यासारख्या झालेल्या त्या कडेवर कोणताच थर दिसत नाही.