ओपसने जीपीएस फाइल नाकारली? पात्रता, लागणारी माहिती आणि पुन्हा पाठवण्याआधीची तपासणी

पॉइंटवर तीन-चार तास ट्रायपॉड लावून डेटा घेतला, फाइल ओपस या ऑनलाइन सेवेला पाठवली आणि ईमेल उघडला तर कोऑर्डिनेट्सऐवजी नुसता एरर नंबर आला, असं बऱ्याच सर्व्हेअरच्या वाट्याला येतं. मग तीच फाइल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाठवली जाते. त्याचा उपयोग नाही. नाकारण्याचं कारण बहुतेक वेळा फाइलमध्येच असतं आणि फाइल नोटपॅडमध्ये उघडली की पहिल्या वीस-पंचवीस ओळींत ते सापडतं.

ओपस ही अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेतल्या नॅशनल जिओडेटिक सर्वेची, म्हणजे एनजीएसची, मोफत सेवा आहे. ती 2001 पासून सुरू आहे. तुमचा डेटा कायम चालू असणाऱ्या कॉर्स स्टेशनांच्या डेटाशी जोडून ती तुमच्या पॉइंटचे अक्षांश, रेखांश आणि उंची काढते. त्यासाठी खातं उघडावं लागत नाही, लायसन्स कोणी विचारत नाही, ईमेल पत्ता पुरतो. पात्रता पाहिली जाते ती फाइलची.

कोणती फाइल चालते

डेटा स्टॅटिक हवा, म्हणजे पूर्ण वेळ अँटेना एकाच जागी स्थिर असायला हवा. जीपीएस सिग्नलच्या एल1 आणि एल2 या दोन्ही फ्रिक्वेन्सींचं कॅरियर फेज (सिग्नलच्या लहरीचं) मोजमाप हवं. सिंगल फ्रिक्वेन्सीच्या हँडहेल्डची फाइल इथे चालत नाही, आणि फक्त एल1-एल5 देणाऱ्या रिसीव्हरचीही नाही. ओपस स्टॅटिकसाठी किमान 2 तास आणि जास्तीत जास्त 48 तासांचा डेटा लागतो. 15 मिनिटं ते 2 तासांची फाइल ओपस रॅपिड स्टॅटिककडे जाते. रेकॉर्डिंगचं अंतर 1, 2, 3, 5, 10, 15 किंवा 30 सेकंद असावं. कारण हिशोब शेवटी 30 सेकंदांच्या नोंदींवर होतो आणि 4 किंवा 7 सेकंदांचं अंतर त्यात बसत नाही. फाइलने यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र एकदाच ओलांडलेली चालते. ही मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला येते.

काही कंपन्यांच्या मूळ फाइलीही ओपस घेतं, पण मी सांगेन की रिनेक्स 2.11 (सगळ्या रिसीव्हरांसाठीचा सामाईक फाइल प्रकार) करूनच पाठवा. तो साधा मजकूर असतो, त्यामुळे तुम्हालाही वाचता येतो.

अर्ज भरताना हाताशी काय हवं

कागदपत्रं म्हणावीत अशी इथे एकच: फील्ड शीट. त्यावर पॉइंटचं नाव, सुरू आणि बंद केल्याची वेळ, रिसीव्हर आणि अँटेनाचं नेमकं मॉडेल, अँटेनाची उंची आणि ती कुठून कुठपर्यंत मोजली, एवढं लिहिलेलं हवं. उंची सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा मोजलेली असावी. टेप लावलेल्या जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर महिन्याभरानंतरही शंका उरत नाही.

पॉइंट एनजीएसच्या सार्वजनिक यादीत द्यायचा असेल तर अटी कडक होतात. किमान 4 तासांचा डेटा, एनजीएसने कॅलिब्रेट केलेली अँटेना, खुणेचा जवळून घेतलेला फोटो आणि उपकरणासह आजूबाजूचा परिसर दिसणारा फोटो लागतो.

हेडर वाचा

रिनेक्सच्या वरच्या भागात ‘अ‍ॅप्रॉक्स पोझिशन एक्सवायझेड’ अशी ओळ असते, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेली पॉइंटची अंदाजे जागा. पॉइंट पुण्याजवळचा असेल तर तिथे साधारण 16.8 लाख, 58.1 लाख आणि 20.1 लाख मीटर असे तीन आकडे दिसले पाहिजेत. तीन शून्यं दिसली, किंवा भलत्याच देशाचे आकडे दिसले, तर रूपांतर नीट झालेलं नाही. आरटीकेलिबमधल्या आरटीकेकॉन्व्हसारख्या मोफत साधनाने मूळ फाइलपासून रिनेक्स पुन्हा तयार करा. हेडर हाताने दुरुस्त करताना रकान्यातली एक जागा सरकली तरी फाइल वाचली जात नाही, म्हणून पुन्हा रूपांतर करणंच बरं.

मग तारीख बघा. जीपीएस प्रणाली आठवड्यांची मोजणी 1024 पर्यंत करून पुन्हा शून्यावर येते. असा फेरा 6 एप्रिल 2019 च्या रात्री पूर्ण झाला. फर्मवेअर अपडेट न केलेले जुने रिसीव्हर त्यानंतर जवळपास साडेएकोणीस वर्षं मागची तारीख छापू शकतात. 15 फेब्रुवारी 2025 चं निरीक्षण अशा यंत्राच्या फाइलमध्ये 2 जुलै 2005 चं म्हणून उतरतं. ओपस बिचारं त्या दिवसाच्या उपग्रहकक्षा आणि स्टेशनांचा डेटा शोधत बसतं, आणि काहीच जुळत नाही. फर्मवेअर अपडेट करा, किंवा रूपांतर करताना योग्य जीपीएस आठवडा द्या.

नेहमी भेटणारे नंबर

9011 चा अर्थ डेटा फार गोंगाटाचा आहे किंवा चालत्या अँटेनाने घेतला आहे. पत्र्याच्या शेडजवळचा किंवा आंब्याच्या दाट झाडाखालचा पॉइंट असेल तर सिग्नल परावर्तित होतात आणि मध्येच तुटतात. पण अनेकदा कारण याहून साधं असतं. गाडीजवळच लॉगिंग सुरू करून रिसीव्हर हातात घेऊन पॉइंटपर्यंत चालत गेलेलं असतं, किंवा काम संपल्यावर आधी ट्रायपॉड उचलून मग रेकॉर्डिंग बंद केलेलं असतं. फील्ड शीटवरच्या वेळा बघून सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं कापा आणि उरलेला तुकडा पाठवा. तो 2 तासांपेक्षा जास्त राहतो ना, हे तेवढं तपासा. फाइल रोव्हरने (फिरत्या रिसीव्हरने) आरटीके, म्हणजे जागेवरच तत्काळ पॉइंट घेण्याचं काम, करताना नोंदलेली असेल आणि तिच्यात एकामागून एक पॉइंट असतील, तर ती इथे पात्रच नाही.

6029 म्हणजे तपासणीनंतर तीनपेक्षा कमी संदर्भ स्टेशनं उरली. अमेरिकेत हे त्याच दिवशी घाईने पाठवलेल्या फाइलीबाबत होतं, कारण स्टेशनांचा डेटा अजून आलेला नसतो. दुसऱ्या दिवशी पाठवा. भारतातल्या फाइलीला अडचण अंतराची असते. रॅपिड स्टॅटिकला 250 किलोमीटरच्या आत किमान तीन कॉर्स लागतात, त्यामुळे तो मार्ग इथे उपयोगाचा नाही.

2005 हा नंबर एरर नाही, ती फक्त सूचना आहे. अचूक कक्षा तेव्हा मिळाल्या नाहीत म्हणून अल्ट्रा-रॅपिड कक्षा वापरल्या, एवढाच तिचा अर्थ. अंतिम कक्षा यायला साधारण दोन आठवडे लागतात. महत्त्वाचा कंट्रोल पॉइंट (ज्यावरून बाकीची मोजमापं होतात तो) असेल तर तेवढं थांबून पुन्हा पाठवा.

1009 कडे कोणी लक्ष देत नाही

हा नंबर आला तरी उत्तर मिळतं, म्हणून लोक पुढे जातात. माझ्या मते या यादीतला सर्वात धोक्याचा नंबर हाच आहे. त्याचा अर्थ असा की अँटेना निवडलेली नाही, म्हणून आलेले कोऑर्डिनेट्स अँटेनाच्या फेज सेंटरचे (सिग्नल प्रत्यक्ष जिथे पकडला जातो त्या बिंदूचे) आहेत आणि त्यांची अचूकता कमी आहे. नाकारलेल्या फाइलीचं निदान कळतं तरी. चुकीच्या अँटेनाने स्वीकारलेली फाइल सरळ नकाशात जाऊन बसते, आणि चूक बहुतेक उंचीत असल्याने नकाशावर नजरेला दिसत नाही. यादीत आपलं मॉडेल नेमकं शोधा, नावाच्या शेवटी येणारा रेडोमचा (अँटेनावरच्या टोपीचा) कोडही जुळवा. मॉडेल यादीत नसेल तर त्याच्यासारखं दिसणारं दुसरं निवडू नका.

उंची उभी, मीटरमध्ये, आणि अँटेनाच्या तळाच्या संदर्भबिंदूपर्यंत हवी. तिरक्या टेपने कडेपर्यंत 1.600 मीटर भरलं आणि कड मध्यापासून 10 सेंटीमीटरवर असेल, तर उभी उंची 1.597 येते. हे 3 मिलिमीटर झाले. पण कड आणि तळ यांच्यातलं अंतर वजा करायचं राहिलं तर चूक सेंटीमीटरमध्ये जाते.

उत्तर आल्यावर त्यातले आकडेही तपासा. वापरलेली निरीक्षणं 90 टक्क्यांहून जास्त, सुटलेल्या अँबिग्विटी (उपग्रहापर्यंतच्या पूर्ण लहरींच्या अज्ञात संख्या) 50 टक्क्यांहून जास्त, आरएमएस (सरासरी चूक) 3 सेंटीमीटरच्या आत आणि तीन स्टेशनांच्या उत्तरांतला फरक 5 सेंटीमीटरच्या आत असेल तर उत्तर ठीक आहे.

भारतात काम करणाऱ्यांसाठी

जगभर चालणाऱ्या इतरही मोफत सेवा आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ऑसपॉसला किमान 1 तासाचा ड्युअल फ्रिक्वेन्सी स्टॅटिक डेटा चालतो. कॅनडाच्या सीएसआरएस-पीपीपीसाठी खातं लागतं, पण ती चालत्या अँटेनाचा डेटाही घेते. कोणतीही सेवा वापरलीत तरी आलेल्या कोऑर्डिनेट्सशेजारी संदर्भ चौकट (आकडे ज्या मोजणी-पद्धतीत दिले आहेत तिचं नाव) आणि तारीख लिहा. भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर सरकतो, त्यामुळे तारखेविना दोन वर्षांचे आकडे जुळवता येत नाहीत.

मात्र अभ्यास आणि अधिकृत काम यांत फरक करा. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आडव्या दिशेत 1 मीटर आणि उभ्या दिशेत 3 मीटरपेक्षा अचूक भू-स्थानिक डेटा भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायचा आणि तिथेच त्यावर प्रक्रिया करायची आहे. म्हणून टेंडरच्या किंवा सरकारी कामाला सर्वे ऑफ इंडियाच्या कॉर्स पोर्टलवर नोंदणी करून तिथलीच सेवा घ्या. आणि शेताच्या हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे ई-मोजणीचा अर्ज करून मिळणारी ‘क’ प्रत लागते. ओपसचा ईमेल तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही.

हे सगळं तपासूनही फाइल नाकारली जात असेल तर ओपसच्या पानावरच्या संपर्क पत्त्यावर लिहा. सोबत मूळ रॉ फाइल, रिनेक्स, एररचा पूर्ण मजकूर आणि फील्ड शीटचा फोटो जोडा.