बरं वाटतंय का, हे मोजायचं कसं?

स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींमध्ये किंवा हाडांत होणाऱ्या कॅन्सरला सार्कोमा म्हणतात. तो मांडीत किंवा दंडात झाला, तर एकेकाळी तो पाय किंवा हात कापून टाकणं हाच खात्रीचा इलाज मानला जाई. मग रेडिएशनची मदत घेऊन फक्त गाठ काढावी आणि अवयव राखावा, असा विचार पुढे आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९७५ ते १९८१ या काळात ४३ रुग्णांवर या दोन उपचारांची तुलना केली. कोणाला कोणता उपचार द्यायचा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. दोन्ही गटांत रुग्ण वाचण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं.

म्हणजे प्रश्न मिटला, असं कोणालाही वाटेल. जीव दोन्हीकडे सारखाच वाचत असेल तर पाय राखलेलाच बरा; त्यासाठी आणखी काय मोजायचं? सर्जन पॉल शुगरबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरीही मोजलं. १९८२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला, तो अपेक्षेच्या उलट होता. पाय राखलेल्यांचं आयुष्य पाय गमावलेल्यांपेक्षा सरस आढळलंच नाही. हिंडण्याफिरण्यात आणि लैंगिक आयुष्यात तर ते मागेच होते. जोरदार रेडिएशन घेतलेल्या भागातले स्नायू आखडतात, सूज राहते, सांधा पुरता वाकत नाही. पाय जागेवर होता, पण तो नीट चालत नव्हता. त्यानंतर रेडिएशन देण्याची पद्धत बदलली, व्यायामावर भर दिला आणि पुढच्या रुग्णांची स्थिती सुधारली. आज सार्कोमात अवयव राखण्याकडेच कल असतो. पण तो पर्याय खऱ्या अर्थाने चांगला होण्यासाठी आधी कोणीतरी रुग्णांना विचारावं लागलं.

या विषयाला जीवनगुणवत्तेचं मोजमाप म्हणतात. नाव जरा सरकारी योजनेसारखं आहे, पण मुद्दा साधा आहे: स्कॅनमध्ये गाठ किती उरली हे दिसतं, माणूस कसा जगतोय हे दिसत नाही.

याची सुरुवात १९४० च्या दशकाच्या शेवटी झाली. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांचे सहकारी फुप्फुसाच्या कॅन्सरवर नायट्रोजन मस्टर्ड हे पहिल्या पिढीतलं केमोचं औषध देऊन बघत होते. औषधाने रोग्याला खरोखर काही फायदा होतो का, हे कळावं म्हणून त्यांनी शंभर ते शून्य अशी दहा-दहाच्या टप्प्यांची पट्टी बनवली. १०० म्हणजे काही तक्रार नाही, ५० म्हणजे बरीच मदत आणि वरचेवर उपचार लागतात, शून्य म्हणजे मृत्यू. ही पट्टी आजही वापरात आहे. रुग्णाला केमो झेपेल का, हे ठरवताना तिचा आधार घेतात. मात्र ते गुण डॉक्टर देतात. रुग्ण उठतो-बसतो का, कामावर जातो का, एवढंच त्यात धरलं जातं. रात्रभर डोळा लागत नाही, घास तोंडात फिरतो, घरात कोणाशी बोलावंसं वाटत नाही, यांना त्या पट्टीवर जागा नाही.

रुग्णानेच गुण द्यावेत, ही कल्पना आज उघड वाटते, पण ती रुजायला वेळ लागला. ब्रिटनमध्ये प्रीस्टमन आणि बॉम या डॉक्टरांनी १९७६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या स्त्रियांच्या हाती कागद दिला. त्यावर आडव्या रेघा होत्या: एका टोकाला सर्वांत वाईट, दुसऱ्या टोकाला सर्वांत चांगलं. आपण कुठे आहोत तिथे खूण करायची. पुढे १९८८ मध्ये ब्रिटनमध्येच डॉक्टर आणि रुग्ण दोघांकडूनही रुग्णाच्या स्थितीचे गुण घेऊन ते ताडून पाहिले, तेव्हा फारसे जुळले नाहीत. डॉक्टर बेफिकीर होते असं नाही. दुसऱ्याचा थकवा बाहेरून दिसत नाही.

आपल्याकडे तर आणखी एक पदर आहे. ओपीडीत डॉक्टर प्रश्न आजींना विचारतात आणि उत्तर मुलगा देतो. “आता बरं आहे, जेवतात व्यवस्थित.” आजी मान डोलावतात. मुलाचा हेतू चांगलाच असतो, पण ती मोजणी मुलाच्या काळजीची होते.

आज जगभर सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक कॅन्सर संशोधनाच्या युरोपियन संघटनेची आहे. क्यूएलक्यू-सी३० हे तिचं नाव. नील आरॉन्सन आणि सहकाऱ्यांनी ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तीस प्रश्न, बहुतेक गेल्या आठवड्याबद्दलचे. जड पिशवी उचलताना त्रास होतो का? लांब चालता येतं का? घराबाहेर थोडंसं? दिवसा पडून किंवा बसून राहावं लागतं का? जेवायला, कपडे घालायला, आंघोळीला कोणाची मदत लागते का? पुढे मळमळ, झोप, बद्धकोष्ठता, चिडचिड, विसराळूपणा आणि उपचारांमुळे झालेली पैशांची ओढाताण. बहुतेक प्रश्नांना उत्तरं चारच: अजिबात नाही (१), थोडंसं (२), बरंच (३), खूप (४).

यातून आकडा कसा निघतो? समजा, शारीरिक क्षमतेच्या वरच्या पाच प्रश्नांना एखाद्या बाईंनी ३, ३, १, २, १ अशी उत्तरं दिली. सरासरी २. ती ० ते १०० च्या मापात (१०० म्हणजे काहीच त्रास नाही) बसवली की ६७ गुण होतात. यातलं एक उत्तर “बरंच” वरून “थोडंसं” वर आलं की गुण ७३. सर्वसाधारणपणे ५ ते १० गुणांचा फरक लहान मानतात, १० ते २० मध्यम आणि त्यावर मोठा. एखादं नवं औषध दोन-चार गुण वाढवतं अशी जाहिरात दिसली, तर ही फूटपट्टी आठवावी.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरसाठी याला ३५ प्रश्नांची वेगळी पुरवणी आहे. तंबाखू-गुटख्याच्या आपल्या भागात तीच जास्त कामाची. तोंड किती उघडतं, लाळ सुकली का, दुसऱ्यांसमोर जेवायला संकोच वाटतो का, फोनवर बोलता येतं का, असं ती विचारते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये मूळ प्रश्नावली आणि ही पुरवणी हिंदी-मराठीत रुग्णांवर तपासून घेतली गेली आहे. लग्नाच्या पंगतीला जायचं सोडून दिलेला माणूस वैद्यकीय कागदपत्रांत ‘रोगमुक्त’ असू शकतो.

आता हे सगळं संशोधनापुरतं, असं वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातला प्रयोग पाहावा. ईथन बॅश आणि सहकाऱ्यांनी शरीरात पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणारे ७६६ रुग्ण निवडले. काहींना नेहमीसारखी देखरेख, बाकीच्यांनी १२ नेहमीच्या लक्षणांची माहिती स्वतः संगणकावर भरायची. एखादं लक्षण बळावलं की नर्सला ईमेल जाई आणि ती पावलं उचले. २०१७ मध्ये निकाल आला. नेहमीच्या गटातले निम्मे रुग्ण २६ महिन्यांहून जास्त जगले, माहिती भरणाऱ्यांतले निम्मे ३१.२ महिन्यांहून. पाच महिन्यांचा हा फरक नव्या औषधाने पडला नव्हता. त्रास वेळेत कळला, वेळेत निस्तरला गेला, त्यामुळे कदाचित केमोही जास्त काळ चालू ठेवता आली.

मोजमापाचे तोटेही आहेत. सर्वांत आजारी रुग्ण फॉर्म भरतच नाहीत, त्यामुळे गटाची सरासरी फसवी गोड दिसते. शिवाय माणसाची आतली पट्टी सरकते. आजाराआधी जिना चढताना लागणारी धाप “खूप” वाटायची, सहा केमोंनंतर तीच “थोडीशी” वाटते. गुण सुधारले, धाप तेवढीच. ही चूक म्हणायची की माणसाने आजाराशी जुळवून घेतलं म्हणायचं, यावर संशोधकांत वाद आहे. मला ती चूक वाटत नाही, पण दोन औषधांची तुलना करताना ती अडचण नक्कीच ठरते.

बरे झालेल्यांचं मोजमाप त्याहून अवघड. गेल्या आठवड्यात मळमळ झाली का, हा प्रश्न त्यांच्या कामाचा नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं सुजणारा हात, तपासणीची तारीख जवळ आली की उडणारी झोप, मूल होईल का ही धास्ती, आजार कळल्यावर नोकरीत बदललेली वागणूक, हे त्यांचे प्रश्न. फिट्झह्यू मलन या अमेरिकन डॉक्टरांना स्वतःलाच कॅन्सर झाला होता. उपचार संपल्यावरचा काळ हा आजाराचाच वेगळा टप्पा आहे, असं त्यांनी १९८५ मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे याकडे लक्ष वळलं. युरोपियन संघटनेने आता अशा लोकांसाठी १०० प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली केली आहे. आपल्या गर्दीच्या फॉलो-अपमध्ये शंभर प्रश्न कोण विचारणार, हा आक्षेप रास्तच. पण केसपेपरवर वजन आणि हिमोग्लोबिनच्या शेजारी थकवा, झोप आणि भीती यांचे तीन आकडे नर्सने विचारून लिहायला मिनिटभरही लागू नये.