मनगटी पट्ट्याच्या आधी

कामावर अंगावर वागवायची यंत्रं म्हटलं की आता स्मार्ट घड्याळंच डोळ्यांपुढे येतात. इंदूरकरांना मात्र याचा एक जुना नमुना ठाऊक असायला हरकत नाही. राजेंद्रनगरच्या पलीकडे, सुखनिवासच्या परिसरात १९८४ मध्ये ‘कॅट’ची, म्हणजे लेसर आणि कणांचा वेग वाढवणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेची, पायाभरणी झाली. २००५ मध्ये संस्थेला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांचं नाव मिळालं, तरी गावात अजून कॅटच म्हणतात. अशा प्रयोगशाळांत आणि दवाखान्यांच्या एक्स-रे विभागांत किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो, टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) बॅज. अंगाला किती किरणोत्सर्ग लागला ते तो मोजतो.

दिसायला अगदी साधा. प्लास्टिकच्या डबीत ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर तीन चकत्या. एकीवर धातूचं आवरण, दुसरीवर प्लास्टिकचं, तिसरी उघडी. त्यामुळे कुठल्या प्रकारचे किरण लागले याचाही अंदाज येतो. चकतीतलं कॅल्शियम सल्फेट किरणांची ऊर्जा धरून ठेवतं. तापवलं की ती प्रकाश होऊन बाहेर पडते, आणि त्या प्रकाशावरून मात्रा मोजतात. शिशाचा ॲप्रन असेल तर बिल्ला त्याच्या आत लावायचा, नाहीतर शरीराला न लागलेली मात्राही नावावर चढते. बॅज सहसा दर तीन महिन्यांनी वाचायला जातो. पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) ही मर्यादा. याचा पूर्वज म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पातला फोटोच्या फिल्मचा बॅज. भारतात १९७५ पासून फिल्मची जागा टीएलडी घेऊ लागला.

हे झालं कामगाराला जपणारं घराणं. कामगाराला मोजणारं घराणं वेगळं, आणि वयाने मोठं.

मिलच्या जमान्यात इंदूरचा मालवा मिल-परदेशीपुरा भाग भोंग्यावर चालायचा. भोंगा सगळ्यांना सारखाच. कोण किती उशिरा आला ते त्याला कळत नसे. ती सोय अमेरिकेत विलर्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने केली. प्रत्येक कामगाराला आपल्या नंबरची किल्ली; ती घड्याळात फिरवली की वेळ कागदावर छापली जाई. पेटंट १८९० चं. त्याची कंपनी पुढे विलीन होत होत आयबीएममध्ये जिरली.

पण बंडीची किल्ली फाटकापाशीच थांबे. मोजमाप थेट अंगावर चढवलं ते फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्याने, १९१२ च्या सुमारास. कामगाराच्या बोटाला इवलासा दिवा, खोली अंधारी, कॅमेऱ्याचं झाकण उघडं. काम संपेपर्यंत हाताचा सगळा प्रवास फोटोत उजेडाची रेघ होऊन उमटे. दिवा ठरावीक वेळाने लुकलुकता ठेवला की रेघेचे तुकडे पडत आणि लागलेला वेळही मोजता येई. या रेघा पाहून ते तारेचे नमुनेही वाकवत. थकवा कमी करायचा, हा त्यांचा हेतू खोटा नव्हता. पण तेच काम कमी हालचालींत होतं म्हटल्यावर मालक माणसाला लवकर घरी सोडेल, असं मानायला बराच भाबडेपणा लागतो.

१९९० च्या आसपास केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटी कंपनीच्या प्रयोगशाळेत ‘ॲक्टिव्ह बॅज’ आला. दर १५ सेकंदांनी तो अवरक्त इशारा सोडे आणि माणूस कुठल्या खोलीत आहे ते कळे. कारण निरुपद्रवी होतं: आलेला फोन त्याच खोलीत जोडता यावा. त्याच काळात बोइंगमध्ये विमानातल्या तारांच्या जुळणीसाठी डोळ्यांसमोर आकृती दाखवणाऱ्या यंत्राचे प्रयोग चालू होते. पुढे अशीच माहिती डोळ्यांसमोर दाखवणारा गूगलचा चष्मा गिऱ्हाइकांपुढे आपटला. कारखान्यांसाठीची आवृत्ती २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचीही विक्री थांबली.

आपल्याकडे वाद पेटला तो झाडू धरणाऱ्यांच्या मनगटावरून. नागपूर आणि चंडीगडच्या महापालिकांनी सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं दिली. चंडीगडला कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. २०१७ पासून स्वच्छतेत मिरवणाऱ्या इंदूरने हा वाद परका समजू नये, शहराचा नंबर त्याच हातांवर आला आहे. टीएलडीचा आकडा वाढला तर चौकशी कामाच्या जागेची होते. घड्याळातली नोंद कमी भरली तर जाब कामगाराला विचारतात.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये मात्र नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याचा डेटा संमतीशिवाय वापरायला वाव आहे. औद्योगिक हेरगिरी रोखणं, धंद्याची गुपितं जपणं ही तिथे दिलेली उदाहरणं. कामगाराच्या नाडीचा किंवा पावलांचा त्या कलमात वेगळा उल्लेख नाही.