कोबा ओतण्याआधी खाली काय घालायचं?

जानेवारीत अमेरिकेतल्या मिनेसोटात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. तिथल्या गॅरेजमध्ये गाडीखाली आडवं होऊन काम करणं अशक्य होतं, कारण काँक्रीटची जमीन अंगातली ऊब शोषून घेते. त्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांवर जुना, भेगाळलेला कोबा फोडायची वेळ आली की प्रश्न पडतो: खणलंच आहे, तर नळ्या टाकून जमीनच गरम करून घ्यावी का? गुहागर किंवा वेंगुर्ल्यात हा प्रश्न कुणाला पडणार नाही. इथे विचारणारे भेटतात ते उलटं विचारतात. गाडीच्या शेडची जमीन नव्याने करतोच आहोत, तर नळ्यांतून गार पाणी फिरवून उन्हाळा सुसह्य करता येईल का? दोन्ही प्रश्नांचा निकाल काँक्रीटच्या खाली लागतो, आणि तोही काँक्रीट ओतण्यापूर्वी.

आधी गरम जमिनीचं पाहू. काँक्रीटमध्ये पेक्स नावाच्या चिवट प्लास्टिकच्या नळ्या वेटोळ्यांनी पसरतात आणि त्यांतून ३५ ते ४५ अंशांचं पाणी फिरवतात. एवढ्या पाण्याने जमिनीचा पृष्ठभाग २५ ते २९ अंशांवर राहतो. त्यातली निम्म्याहून अधिक उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने थेट माणसाच्या अंगावर, भिंतींवर, गाडीवर पोचते. गॅरेजला हे फार सोयीचं आहे. दार उघडलं की गरम हवा क्षणात बाहेर जाते, पण जमिनीत साठलेली उष्णता जागेवर राहते. २० चौरस मीटरचा, १० सेंटिमीटर जाडीचा कोबा सुमारे पावणेपाच टन भरतो. त्याचं तापमान ५ अंशांनी वाढवायला विजेची जवळपास ६ युनिटं लागतात. म्हणून ती जमीन तापायला कित्येक तास घेते आणि निवायलाही तितकेच. रविवारी तासाभराच्या कामासाठी बटण दाबणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. रोज वापर असेल तरच हा खर्च सार्थकी लागतो.

उष्णता नेहमी वर जाते असा एक समज आहे. वर जाते ती गरम हवा. घन पदार्थातली उष्णता जिकडे गार असेल तिकडे जाते, आणि मिनेसोटात कोब्याखालची माती गारच असते. म्हणून खाली चेपलेली खडी, तिच्यावर ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद, त्यावर साधारण ५ सेंटिमीटर जाडीची कडक फोमची पाटी, मग सळ्यांची जाळी व नळ्या, आणि शेवटी काँक्रीट असा थर रचतात. सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते कडांकडे. कोब्याच्या मधल्या भागाखालची माती काही आठवड्यांत थोडी उबदार होते, पण कडा बाहेरच्या गोठलेल्या हवेला लागून असतात. तिथे फोम उभा लावला नाही तर उष्णता सतत बाहेर झिरपते. मधे कितीही जाड पाटी घातली तरी ती गळती भरून निघत नाही.

नळ्यांत दोन वेटोळ्यांमधलं अंतर सुमारे ३० सेंटिमीटर ठेवतात. अर्ध्या इंची नळीचा एक फेरा ९० मीटरच्या आत ठेवतात, नाहीतर घर्षणाने पाण्याचा प्रवाह मंदावतो. काँक्रीट ओतताना नळ्यांत दाब भरून ठेवायचा, म्हणजे कुणाच्या फावड्याने नळी फुटली तर दाबमापकाचा काटा लगेच खाली येतो. ओतण्यापूर्वी मापपट्टी ठेवून फोटो काढायचे. पुढे जमिनीत बोल्ट मारायची वेळ आली की हे फोटो फार कामाला येतात.

आता हाच आराखडा उचलून रत्नागिरीत आणू. जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन धरू लागते तो, २५ अंशांच्या आसपास असतो. मे महिन्यात ३२ अंश आणि ७० टक्के धरले तरी तो जवळजवळ २६ येतो. म्हणजे २५ अंशांहून गार झालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणारच, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर धरतं तसं. गारवा जाणवायला जमीन २१-२२ अंशांवर आणावी लागेल, आणि तसं केलं की शेडमध्ये स्कूटर घसरेल इतकी ओल होईल. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर जमिनीतून गार पाणी फिरवतात आणि तिथली हवा आपल्याइतकीच दमट आहे. पण ती इमारत बंद आहे आणि आतली हवा यंत्रांनी कोरडी केलेली असते. चारी बाजूंनी वारा खेळणाऱ्या शेडमध्ये हवा कोरडी कशी करणार? माझं मत स्पष्ट आहे: कोकणातल्या उघड्या शेडमध्ये गार पाण्याच्या नळ्या घालू नयेत.

तो पैसा खालच्या थरांत घालावा. आपल्याकडे काही मीटर खोलीवर मातीचं तापमान वर्षभर २७ अंशांच्या जवळपास असतं. एप्रिलच्या दुपारी पायाखालची जमीन सुखद वाटते ती याच मातीमुळे, म्हणून फोमची पाटी घालून हे नातं तोडण्यात शहाणपण नाही. प्लास्टिकचा कागद मात्र अत्यावश्यक. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या जांभ्याच्या जमिनीत पाणी केशाकर्षणाने, म्हणजे मातीतल्या बारीक पोकळ्यांतून ओढलं जाऊन, वर चढतं, सोबत क्षार आणतं, आणि कोब्यावर व भिंतीच्या पायथ्याशी लोणा लागतो. हे थांबवायला आधी बारीक माती नसलेल्या जाड दगडांचा थर, म्हणजे सोलिंग, हवा, कारण मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर खेचलं जात नाही. सोलिंगवर दगडाची टोकं झाकणारा वाळूचा पातळ थर द्यावा. त्यावर २५० मायक्रॉनचा कागद, सांध्यावर वीतभर एकमेकांवर चढवून, टेप लावून, कडेला भिंतीवर वर वळवून घ्यावा. त्यावरून अनवाणी चाला, घमेली आपटू नका. एक भोक पडलं तरी ओलीला तेवढी वाट पुरते.

वाळूबद्दल मी आग्रही आहे. खाडीची वाळू न धुता वापरली की तिच्यातले क्लोराइड सळीभोवतीचं संरक्षक आवरण फोडतात. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, आणि कोबा आतून उकलतो. किनाऱ्यालगतच्या कोब्यांना काही वर्षांत उभे-आडवे तडे जातात, त्यांपैकी बऱ्याच तड्यांचं मूळ इथे असतं. वाळू गोड्या पाण्याने धुवावी, काँक्रीट कालवायलाही विहिरीचं मचूळ पाणी घेऊ नये, आणि जाळी जमिनीवर टेकू न देता ठोकळ्यांवर उचलून धरावी.

दाराकडे मीटरमागे एक-दीड सेंटिमीटरचा उतार ठेवा. पावसात भिजून आलेल्या गाडीचं पाणी त्यावरून बाहेर जाईल. भराव नवा असेल तर पाणी मारून, थराथराने धुम्मस करून, शक्य असल्यास एक पावसाळा तसाच जाऊ द्यावा. तो जेवढा बसायचा तेवढा बसतो, आणि दिवाळीनंतर कोबा घातला की वर आळी (बांधांचे चौकोन) करून पाणी साठवायला कोरडे, निवांत दिवसही मिळतात.