काकू संध्याकाळी 'वेड्या', सकाळी शहाण्या?

आमच्या सदाशिव पेठेतल्या शेजारच्या काकू, वय ८२, बाथरूममध्ये घसरल्या, खुबा मोडला. रात्री हॉस्पिटलात "भिंतीवर मुंग्या चालल्यात" म्हणायला लागल्या. मुलगा म्हणाला, आईला आता काय कळतंय, सही मीच करतो. एका मावशींनी तर अमावास्या आहे, दृष्ट काढा म्हणून मीठ-मोहऱ्याच आणल्या!

अहो बाधा नाही, वेडही नाही, ह्याला डेलिरियम म्हणतात, म्हणजे आजारपणात मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ. मला हा प्रकार जाम इंटरेस्टिंग वाटतो कारण यात आधी बिघडतं ते लक्ष. लक्ष एका जागी धरून ठेवायला मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन लागतं, म्हातारपणी त्याचा साठा तसाही बेताचाच, त्यात इन्फेक्शन, सोडियम कमी, पाणी कमी, झोप नाही, वर खाजेची किंवा झोपेची एखादी जुनी गोळी जी मस्कॅरिनिक रिसेप्टरवर, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीनच्याच बसायच्या जागेवर, जाऊन बसते आणि त्याला काम करू देत नाही, म्हणजे आधीच मिणमिणता दिवा आणि त्यावर काजळी. आणि हे दिवसभर सारखं नसतं, वर-खाली होतं, संध्याकाळनंतर बऱ्याचदा जास्त.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर वार उलटे म्हणायला सांगा. काकू रात्री रवि, शनि, शुक्र... शनि, रवि अशा परत फिरल्या. सकाळी कानाचं मशीन लावल्यावर सोमवारपर्यंत सरळ गेल्या.

म्हणजे निर्णयक्षमता हा काही कायमचा शिक्का नाही. ती त्या वेळेपुरती आणि त्या निर्णयापुरती बघायची असते, कोणाला बँकेचा व्यवहार झेपणार नाही पण ऑपरेशन हवं की नको हे नीट सांगता येईल. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मानसिक उपचारांपुरता आहे, पण त्यातली कसोटी मला सगळीकडे पटते: माहिती समजते का, परिणाम उमगतो का, सांगता येतं का, मग खुणेनं का होईना. आणि निर्णय आपल्याला चुकीचा वाटला एवढ्यावरून क्षमता नाही असं म्हणता येत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय.

सकाळी डॉक्टरांनी हळू आवाजात नाही, समोर बसून, छोट्या वाक्यांत सांगितलं आणि मग "आता तुम्ही मला सांगा" म्हणाले. काकू म्हणाल्या, "खुब्यात नवा गोळा बसवणार, नाही बसवला तर अंथरुणाला खिळेन. करा. पण भूल कमरेखालचीच द्या." मग मुलाच्या हातातला फॉर्म घेतला आणि चष्मा मागितला.