उत्तरतालिकेचा वाद कोर्टात: कानपूर ते बिहार

एमपीएससीची पहिली उत्तरतालिका लागली की हरकतींची धावपळ सुरू होते. अंतिम उत्तरतालिकाही पटली नाही, तर मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) किंवा उच्च न्यायालय. तिथे जी कसोटी लागते तिचे मूळ १९८३ च्या एका निकालात आहे, आणि तो खटला भरतीचा नव्हता, वैद्यकीय प्रवेशाचा होता.

कानपूर विद्यापीठाने उत्तर प्रदेशातील प्रवेशपरीक्षेच्या निकालाबरोबर उत्तरेही जाहीर केली, म्हणून तर चुका उघड्या पडल्या. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी दंडक घातला: तालिकेतले उत्तर बरोबर धरून चालायचे. विषयाच्या कोणाही जाणकाराला ते मान्य होणार नाही इतके उघड चुकीचे असेल, तरच ते बाजूला सारायचे. विद्यार्थी जिंकले, कारण तिथे सर्रास वाचली जाणारी पाठ्यपुस्तके त्यांच्या बाजूने बोलत होती.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या दहावी-बारावी मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, नियमात तरतूद नसेल तर फेरतपासणी हक्क म्हणून मागता येत नाही.

भरतीतली गुंतागुंत खरी कळते ती बिहारमध्ये. कनिष्ठ अभियंत्यांच्या परीक्षेत १०० पैकी तब्बल ४१ उत्तरे चुकीची असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघेतो निवड झालेले कामावर रुजू होऊन सात वर्षे होत आली होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द न करता दुरुस्त तालिकेने पेपर पुन्हा तपासायला लावले. जे आता गुणांत मागे पडतील त्यांची नोकरी शाबूत राहिली, पण नाव यादीच्या तळाला गेले. चूक यंत्रणेची होती, उमेदवारांची नव्हती, याची जाण या निकालात आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये सूर कडक झाला. उत्तर प्रदेशातील २००९ च्या शिक्षकभरतीचा वाद तोवर लोंबकळत होता. न्यायालयाने स्वतः परीक्षक होऊ नये आणि शंका राहिलीच तर फायदा परीक्षा मंडळाला द्यावा, असे ठरले. भरती वर्षानुवर्षे अडकू नये ही काळजी रास्तच आहे. तरी फायद्याचे पारडे उमेदवाराकडून इतके दूर सरकणे मला खटकते. कानपूरच्या निकालात विद्यापीठांनाही बजावले होते: संदिग्ध प्रश्न मुळात विचारूच नका, आणि तसा प्रश्न ध्यानात येताच तो वगळा, त्याला गुण धरू नका.